दोनशे पस्तीस, पंच्याहत्तर, पंधरा

फेरमिन टायरच्या अंगावरून बोट फिरवत वाचतो :
दोनशे पस्तीस ही रुंदी, मिलिमीटरमध्ये.
पंच्याहत्तर ही जाडी, पण रुंदीच्या शेकड्यात.
पंधरा ही रिम, आणि ती मात्र इंचांत.
तीन मापं एका ओळीत,
एकमेकांशी न बोलणारे तीन पाहुणे
एकाच बाजेवर बसवावेत तशी.

बाहेर मोरा खोऱ्यातला वारा
पत्र्याची पाटी वाजवतो आहे.
आत छप्पन सालचा फोर्ड चार ठोकळ्यांवर उभा,
बिनचाकांचा,
पाण्यात उतरण्याआधी तुमान वर खोचलेल्या
म्हाताऱ्यासारखा.

अमादेओला वीस इंची हवीत, चकचकीत, क्रोमची.
फोटो दाखवतो फोनवर :
डेन्व्हरमधल्या कुणाचा तरी ट्रक,
मातीला कधीच न शिवलेला.
मला होती तीच हवीत.
सहा-सत्तर, पंधरा. अरुंद, उंच,
बाबा ज्यांवरून गवताचे भारे आणत,
पंचेचाळीसच्या वर काटा न जाऊ देता.
मागे गाड्यांची रांग लागे, कुणी भोंगा वाजवे,
आणि बाबा म्हणत, जाऊ दे त्याला,
त्याची वाट बघणारं कुणीतरी असेल.

फेरमिन कुणाचीच बाजू घेत नाही.
पाच बोल्ट, तो म्हणतो, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर,
एवढं एक पक्कं. बाकी सगळं घासाघीस.
आणि पुठ्ठ्याचं एक वर्तुळ कापून
डाव्या मडगार्डच्या पोटात शिरतो, विजेरी घेऊन.

बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसतात.

मग म्हणतो, नीवेस, इकडे ये.

मडगार्डच्या आतल्या अंगाला
एक कोर. वीतभर लांब.
रंग गेलेला, खालचा पत्रा उघडा पडून
गंजून पुन्हा गुळगुळीत झालेला.
आणि काठ छिन्नीने मागे वळवलेला,
घाईत, रात्री वळवावा तसा.
हे टायर घासल्याचं, तो म्हणतो.
सोळाची रिम असणार, साडेसातचा टायर.
तुमच्या बाबांनी मोठी चाकं लावून पाहिली होती.

आमच्या बाबांनी.
अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या,
मुंग्या मोजून साखर घालणाऱ्या माणसानं.

फेरमिन बोटांवर हिशेब करतो :
चाक मोठं झालं, की मीटर मागे राहतो.
काटा पंचेचाळीस म्हणाला तर खरे एक्कावन्न.
तो शंभर मैल मोजेल, तेव्हा तू
एकशे चौदा गेलेली असशील.

मीटरवर एकसष्ट हजार चारशे आठ.
त्यातले किती मोठ्या चाकांवरचे,
कुठल्या साली, कुठल्या रस्त्याला,
शेजारी कोण बसलं होतं,
आईला फोन केला तर म्हणाली,
तेव्हा मी नव्हते. आणि थोडं थांबून,
पण एकदा म्हणाले होते की समुद्र पाहिला आहे.

पणजोबांच्या गाड्याला लोखंडी धाव होती,
लाल तापवून चढवायची, पाणी ओतून आवळायची.
चाकाला बसते ती धाव,
आणि माणूस घेतो तीही धाव.
हे मला आज कळावं, टायरच्या दुकानात,
हाताला ग्रीस लागलेलं असताना.

शेवटी दोनशे पस्तीस, पंच्याहत्तर, पंधरा.
जुन्याहून इंचभर उंच, पण कुणाला कळणार नाही इतकंच.
फेरमिन स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवतो,
फटीत दोन बोटं घालून दाखवतो : बसतंय.
अमादेओ तोंड फुगवून निम्मे पैसे देतो,
आणि ती कोर घासून रंगवू का विचारतो.
नको, असं मी म्हणायच्या आत
तोच म्हणतो, राहू दे.

स्टेपनी मात्र जुनीच, अरुंद, भेगाळलेली.
ही कशाला, मी विचारते.
फेरमिन पान्हा पुसत म्हणतो,
घरापुरती आहे. जरा कलशील एका बाजूला,
पण पोचशील.