मागचे तीन

पुढचे तीन प्लग दिसतात.
मागचे तीन, इंजिन आणि आडव्या पत्र्याच्या बेचक्यात.
तिथे हात जातो, नजर जात नाही.

डोळे मिट, टाउनो म्हणतो, उगाच मधे येतात.
कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं काढलेला शेजारी.
डाव्या हाताला साडेतीन बोटं,
आणि त्यांतलं ते अर्धंच सगळ्यांत शहाणं.

थंडर बे. मार्च संपत आलेला.
बर्फाला आता कोणी पांढरा म्हणणार नाही.
हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ
दाराखालचा पत्रा कुरतडत बसलंय;
बोटानं दाबलं की भोक पडतं,
शिळ्या बिस्किटासारखं.

गाडी दोन हजार चारची.
तीन लाख बेचाळीस हजार किलोमीटर.
त्यांतले निम्मे तरी पहाटे साडेपाचचे,
हॉकीच्या रिंकपर्यंतचे, आणि परतीचे,
मागे घामट पॅडांचा वास
जो व्हिनेगरनं गेला नाही, सोड्यानं गेला नाही,
आता तो गाडीचाच झालाय.
ड्वेन अल्बर्टाहून म्हणाला, विकून टाक.
कोणाला, मी विचारलं.
मग फोनवर बराच वेळ नुसता वारा.

विकली नाही.
गेल्या वर्षी मागच्या हीटरचा पाइप सडला,
डाव्या चाकाशी हिरवं पाणी गळू लागलं.
मी पुठ्ठ्यावर उताणी पडून नळी कापली, जोडली, आवळली,
केसांत गोडसर वास घेऊन कामावर गेले.
उजवं सरकतं दार उघडेना
तेव्हा त्याची खाच टाचणीनं कोरली:
वितळलेला जांभळा खडू, एक वाटाणा,
ग्रीस आणि वाळूचा काळा हलवा,
आणि कोल्बीची ती किल्ली,
जिच्यावरून मी त्याला दोन दिवस बोलले होते.
किल्ली त्याच्या उशाशी ठेवली.
माफी मागायची राहिली.

आता हे.
चढावर गाडी आचके देते,
पिवळा दिवा लुकलुकतो.
टाउनोनं रबरी नळीचा वीतभर तुकडा दिला:
प्लग हिच्या तोंडात बसव, नळी बोटांनी फिरव.
आटे जुळले तर तो आत जाईल.
वाकडा बसला तर नळीच घसरेल.
पान्याला कळत नाही कधी थांबायचं.
हे तो नेहमीच्या आवाजात म्हणाला,
मी मात्र पान्याकडे बघत राहिले.

तिसरा झाला. पहिला झाला.
पाचवा माझ्यानं होईना.
मनगट अडकतं, आणि टाउनोचा पंजा तर
फावड्याएवढा.
ब्रिन दारात उभी होती, पंधरा वर्षांची,
कानात काहीतरी घालून,
या गाडीतून शाळेजवळ उतरायला लाजणारी,
एक चौक आधीच सोड म्हणणारी.
सरक, ती म्हणाली.
बाही वर केली, हात आत घातला,
आणि कोणी न सांगता
डोळे मिटले.

किती वेळ गेला, माहीत नाही.
छपरावरून बर्फाचा एक थर घसरून पडला.
तिचे ओठ हलत होते, मोजत असावी.
मग हात बाहेर आला, कोपरापर्यंत काळा,
बोटाच्या पेरावर साल निघालेली.
तिनं ती मला दाखवली नाही.

अंड्यांच्या खोक्यात जुने प्लग ओळीनं मांडले.
पाच तपकिरी, चहात बुडवल्यासारखे.
पाचवा काजळी धरलेला, ओला.
हाच, टाउनो म्हणाला. बिचारा.

गाडी दुसऱ्या फटक्यात सुरू झाली.
आचका नाही. थरथर नाही.
पिवळा दिवा तसाच.
आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो.
तो दुसऱ्या कशाचा तरी असेल, टाउनो म्हणाला,
कॉफी आहे का?

ब्रिननं आरसा स्वतःच्या उंचीला वळवला,
मग आठवण झाल्यासारखा
पुन्हा माझ्याकडे फिरवला.
तो थोडा चुकलाय.
मी तसाच ठेवलाय.