लाभ

अ‍ॅपचं नाव कौल.
पुण्याच्या पोरांनी ठेवलेलं.
आमच्या वसमतला कौलं नाहीत, पत्रे आहेत,
पण मी काही बोलले नाही.
माणशी तीस रुपये मिळणार होते.

अठ्ठावीस प्रश्न. सहमत, असहमत, तटस्थ.
शेवटी एक गोल फिरतो आणि सांगतो
कोणता पक्ष तुमचा किती टक्के.

मोंढ्यात पहिले बसले शिवलिंगअप्पा मापाडी,
चाळीस वर्षं काट्यापाशी काढलेले.
मी प्रश्न वाचायचे, ते एकेक बोट मिटायचे:
लाभ... दोन... तीन...
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत
हे मला ठाऊक होतं, कौलला नव्हतं.
"तटस्थ म्हंजे?"
ना इकडं ना तिकडं, मी म्हटलं.
"म्हंजे काटा मधोमध.
पारडी रिकामी असली की ऱ्हातो तसा."

निकाल आला: छत्री, एकसष्ट टक्के.
अप्पा जन्मभर कपबशीचे.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.
"धडा न करताच मोजलंस गं पोरी."

दुसऱ्या आठवड्यात
कपबशीच्या तालुकाध्यक्षांचा भाचा आला, रत्नदीप.
अकराव्या प्रश्नाला लोक काय दाबतात, एवढंच सांग म्हणाला.
अकरावा: रोज पाणी द्यायचं तर पाणीपट्टी वाढवावी का?
मी सांगितलं नाही. त्याला आधीच माहीत होतं.
कपबशीनं उत्तर बदललं.
चार दिवसांनी छत्रीनं.
शिलाई मशीननं तर एका रात्रीत
आठ उत्तरं उसवून पुन्हा शिवली.
मग कुणीही बसो,
बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर.
लोकांच्या मनातलं लोकांनाच परत,
वरून नुसती इस्त्री.

रहेमतबी हळद निवडते.
तिनं बोट टेकवलं की काच पिवळी,
आणि पिवळ्या काचेला बोट कळत नाही.
मी ओढणीनं पुसत राहिले.
बाविसाव्या प्रश्नाला ती थांबली.
"मोंढ्यात बायांची मुतारी,
ते कधी इचारतंय हे?
सतरा वर्षं झाली,
दुपारचं पाणी पीत नाही मी."

यादीत नव्हतं.
मी पुण्याला फोन लावला.
तिकडची ताई फार गोड बोलली:
यावर तिन्ही पक्षांची भूमिकाच नाही गं,
मग तुलना कशाशी करणार?
मी म्हटलं, तेच तर.
मग रेंज गेली, तिची किंवा माझी.

माझा भाऊ सुमेध, पहिलंच मत.
बहात्तरचा फोटो स्टेटसला ठेवून
सकाळी सातलाच रांगेत उभा.
नाहीतर सुट्टी म्हणून विहिरीवर गेला असता.
एवढं श्रेय कौलला.

माझंही मी भरलं होतं,
पहिल्याच रात्री, चादरीच्या आत.
ज्या पक्षाचं नाव घरात घेत नाहीत
तो एकोणसत्तर.
मोबाइल पालथा ठेवला.
बराच वेळ त्याच्या कडेतून उजेड येत होता.

जिल्हा परिषदेच्या शाळेत
शाई लावणाऱ्या मास्तरांनी रहेमतबीचं बोट
दोनदा पुसलं. हळद निघेना.
शाई तपकिरी उमटली.
कुणाला दिलं, मी विचारलं नाही.

रस्त्यापलीकडं तीन पक्षांची तीन टेबलं.
ती पहिल्यासमोर थांबली, काहीतरी बोलली.
दुसऱ्यासमोर थांबली.
लिंबाखाली बसलेले अप्पा
बोटं मिटत होते:
लाभ... दोन...
तिसऱ्या टेबलावरच्या पोरानं
ऐकून घेतलं, मान हलवली,
आणि थंड पाण्याचा ग्लास तिच्यापुढं केला.

तिनं तो परत सरकवला.
दुपारचा एक वाजला होता.