अडीच फूट

चिचघाट रोड.
नावात 'रोड' असलं की समजावं, गाव इथं नाही.
गाव दीड कोस आत, नाल्यापलीकडे.
स्टेशनाला लागून फक्त आम्ही:
एक क्वार्टर, एक विहीर, दोन शेळ्या
आणि भिंतीला टांगलेली बाबांची काठी.

सागाची. दोन्ही टोकांना पितळी टोपण.
लांबी अडीच फूट, केसभर इकडे नाही, तिकडे नाही.
सोनबा नंदेश्वर, गँगमन,
ती रुळांमधे आडवी टेकवत, उचलत, टेकवत
रोज उजाडायच्या आत नाल्यावरच्या पुलापर्यंत जायचे.
परत आले की आम्ही भावंडं त्याच काठीला लागून उभी राहायचो.
काठीएवढं झालं की पोर जगलं, आई म्हणायची.
पाचांतली तिघं झालो.

लाइन टाकली दुष्काळात, असं ऐकत आले.
साहेबाला जंगलातला साग हवा होता,
पणजोबांना मूठभर ज्वारी.
सागामागून मिरची आली.
माघात गाडीच्या आधी गाडीतल्या शिंका ऐकू यायच्या,
आणि बिसेन गार्ड तोंडाला ओला दुपट्टा गुंडाळून
लाल डोळ्यांनी तिकिटं फाडायचा.

प्लॅटफॉर्म नव्हताच, मुरूम होता.
डब्याची पायरी कमरेएवढी उंच.
वरच्यानं हात द्यायचा, खालच्यानं घ्यायचा,
कुणाचा हात, कुणी विचारत नसे.
नाही, खोटं कशाला बोलू? गावात विचारत.
गावच्या विहिरीवर बाबांचा हात चालत नव्हता.
डब्याच्या दारात मात्र पाटलीणबाईंनी तोच घट्ट धरला,
पोळ्याच्या करीला,
डोक्यावर टोपली होती म्हणून.
"घरी जाऊन आंघोळ केली असंन तिनं,"
बाबा हसत सांगायचे.
आई हसायची नाही.

मग छोटी गाडी बंद झाली.
आठ वर्षं रुळांमधे तरोटा माजला.
आता मोठी लाइन आली, आणि मोठ्या बोर्डावर
नव्या स्टेशनाचं चित्र:
काचा, कारंजं, आमच्याकडे न होणारी झाडं,
आणि बिनचेहऱ्याची माणसं,
एकाच्याही डोक्यावर टोपली नाही.

पण बायांच्या संडासाला आतून कडी आहे.
हे मी हसण्यावारी नेणार नाही.
बेचाळीस वर्षं मी अंधार पडायची वाट बघितली आहे.
आणि भाच्याला, प्रफुलला, आठवड्यातून दोनदा
रक्त धुवायला नागपूरला न्यावं लागतं;
चार तासांचे सव्वा तास होतील, म्हणतात.
जुन्या गाडीसाठी मी कोणत्या तोंडानं रडू?

तरी परवा, गाडी सुरू व्हायच्या आधी,
काठी घेऊन गेलेच.
नव्या रुळांमधे आडवी धरली.
एक टोक टेकलं.
दुसरं खाली, खडीत.
पितळ वाजलंसुद्धा नाही.

मग मी स्वतःच आडवी झाले.
टाचा एका रुळाला, डोकं दुसऱ्याकडे,
लुगडं नीट पायाखाली खोचून.
वर आभाळ, आणि कशाला ते माहीत नाही, पण
विजेची एक तार.

"अरे मौसी! ये क्या कर रही हो?"
पिवळी टोपी सावरत पोरगा इंजिनिअर धावत आला,
बिहारकडचा असावा, मिशीही नीट फुटली नव्हती.
"मोजून रायली," मी म्हटलं.
"पाह्य ना बापू, किती उरलं?"

त्याच्या कमरेला टेप होता. त्यानं काढला नाही.
उकिडवा बसला,
माझ्या डोक्यामागं आणि लोखंडामधे बोटं लावली.
"चार उंगली."

एवढंच कमी पडले मी.
त्यानं उठवायला हात पुढे केला.
मी त्याला काठी दिली धरायला
आणि माझी मी उठले.

दोन दिवस पाठीत खडी रुतल्यासारखी वाटत होती.