अंगावर काढलेलं

नेस्तान, तू तक्रार करायची थांबलीस
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आधी तुला काही म्हणजे काही खपायचं नाही.
लिफ्ट, पगार, चौथ्या मशीनची शिट्टी,
कॅन्टीनमधला तो मुळमुळीत चहा,
सगळ्यांचा तू यथासांग उद्धार करायचीस
आणि डायलिसिसच्या खुर्च्यांमधली माणसं
सुया टोचून घेता घेता हसायची.

मग तू गप्प झालीस.
हेडनर्स लामारा म्हणाली, शहाणी झाली एकदाची.
मीही मान डोलावली.

ऑक्टोबरात तू ग्रामितोनकाकांना
"सहा नंबर" म्हणालीस.
सहा नंबरचं वजन घ्या.
म्हाताऱ्याने चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला,
त्याने मागे वळून पाहिलं,
सहा नंबर दुसराच कुणी असेल म्हणून.

त्याच आठवड्यात तू हात धुतलेस
आणि नळासमोर उभी राहिलीस.
मी दोघांच्या पट्ट्या बांधून आले
तरी पाणी वाहतच होतं,
खिडकीबाहेर रिओनी वाहत होती
आणि तू दोन्हीकडे बघत नव्हतीस.

मग मी तेच केलं, जे सगळे करतात.
घरची आलुबुखारची आंबट चटणी आणली बरणीभर.
म्हटलं, वेळेवर झोपत जा गं.
म्हटलं, चार दिवस बातुमीला जा, समुद्र बघ.
तू हातमोजा ओढून काढलास, फट्‌कन.
"आणि माझे गुरुवार कोण करणार? चटणी?"

बसमध्ये मी हसले त्यावर.
घरी चपला काढताना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत
मी ड्युटीचं रजिस्टर उघडलं,
बोट ठेवून खाली खाली गेले.
तुझं नाव. तुझं नाव. पुन्हा तुझं.
मार्चपासून जादा रात्री एकोणीस.
त्यातल्या अकरा माझ्या.

लेकीच्या लग्नाच्या वेळी म्हणाली होतीस ना,
"तू जा त्सियाला, मी आहे इथे."
लग्न उरकलं. मांडलेली टेबलं उचलली गेली.
लेक नवऱ्यामागे पोलंडला गेली.
आणि शेजारणीकडून आणलेलं पातेलं
हळूहळू आपल्याच फळीवरचं होऊन जावं
तशी तुझी झोप माझ्याकडे राहिली.

लोक म्हणतात, दुखणं अंगावर काढू नये.
तू काढत होतीस.
पण ते सगळं तुझं नव्हतं,
हे मला कुणी सांगितलं नाही,
आणि खरं तर सांगायला लागू नये.

खोडरबराने कागद फाटला एका ठिकाणी.
गुरुवारांवर मी माझं नाव लिहिलं.
लामाराशी भांडले. मला भांडता येत नाही,
ते तुझं खातं.
माझा आवाज चिरकला, चष्मा धुरकटला,
तिने सही केली ती बहुतेक कीव येऊन.

तू आभार मानले नाहीस. बरं केलंस.
त्या पहिल्या गुरुवारी, ऐकलं मी,
तू बाजाराला निघालीस आणि मिनीबसमध्येच झोपलीस,
त्स्खाल्तुबोला, शेवटच्या थांब्यावर
ड्रायव्हरने उठवलं, आणि परतीचं भाडं घेतलं नाही.

डॉक्टरला दाखव, हे मी अजून म्हणते.
तू अजून नाही म्हणतेस.
सोमवारची वेळ घेऊन ठेवली आहे,
बाहेरच्या बाकावर मी बसेन.
आली नाहीस तर एकटीच बसेन,
पुढच्या सोमवारी परत.

काल गुरुवार असूनही तू आलीस, सवयीने.
कोट न काढता सहा नंबरच्या खुर्चीशेजारी टेकलीस.
मी चहा दिला. एक घोट घेतलास.
"हे काय? मशीन धुतलेलं पाणी उकळलंस?"

ग्रामितोनकाका असे हसले
की नळी हलली,
मशीनने शिट्टी मारली,
तू अर्धी उठलीस.

बस, मी म्हटलं.

तू उभीच राहिलीस थोडा वेळ,
हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी,
मग ते कोटाच्या खिशात घातलेस.