घडीखाते

मिलमध्ये माझे वडील घडीखात्यात होते.
विणणारे वेगळे, रंगवणारे वेगळे,
वडलांच्या हातात कापड यायचं
ते सगळं होऊन गेल्यावर.
शेवटचा माणूस मी, ते म्हणायचे,
माझ्यानंतर फक्त गठ्ठा आणि ट्रक.

एकोणतीस वर्षं.
मग एका सकाळी भोंगा वाजला नाही
आणि शमुवेल लोंढे घरातल्याच वस्तूंच्या
घड्या घालत बसले:
वर्तमानपत्र, साखरेची पिशवी,
आईचं लुगडं, लाइटचं बिल.

ईस्टरच्या आदल्या रात्री ते शास्त्र वाचायला घेत.
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
धोंडा लोटलेला, तिथं थांबत नसत.
देवदूतांपाशी थांबत नसत.
थांबत ते, जिथं दोघे शिष्य धापा टाकत पोचतात,
वाकून आत बघतात, तर
डोक्याचा रुमाल वेगळा, एका बाजूला, नीट ठेवलेला.
"बघ," ते म्हणत, बोट तिथंच ठेवून,
"चोर घडी घालत नाही.
पळणारा घडी घालत नाही.
मेलेल्याला तर घालताच येत नाही.
ही घाईत नसलेल्या माणसाची घडी आहे."

मला हसू यायचं.
थडग्यातून उठून पहिलं काम हे?
आणि तिसऱ्या दिवशी!
आमच्या सोलापुरात तिसऱ्या दिवशी
नळाला पाणीसुद्धा येत नाही.

ते गेले मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत.
पाळकसाहेब सार्वकालिक जीवनावर बोलले.
आई माझ्या कानाशी म्हणाली,
सार्वकालिक कशाला, ह्या उन्हात?
मला ते एकदा दारात चप्पल काढताना दिसले
तरी पुरे.

मी गप्प राहिले.
इतकी वर्षं चर्चला जाऊन सांगता येत नव्हतं
की न संपणारे दिवस, असं ते नसावंच, आई;
असावं त्या चप्पल काढण्यासारखं काहीतरी,
ओळखीच्या पावलांचं,
कुणीतरी आपलं नाव नीट उच्चारण्याचं.
हे बरोबर की चूक, अजून कळत नाही.
माती टाकताना तर काहीच कळलं नव्हतं.
मुठीत ढेकूळ होतं, गरम,
आणि ते फुटलं.

आज पहाटे साडेचारला निघालो.
दफनभूमीत लोक आधीच आलेले,
आपापल्या माणसाच्या उशाशी उभे.
कुणी मेणबत्ती वाऱ्याआड धरलेली,
कुणी कबरीवरची वेडी बाभळ उपटतंय.
अंधारात पाळकसाहेब ओरडले, प्रभू उठला आहे!
आणि लिंबाखालून, भिंतीकडून, फाटकाकडून,
खरोखर उठला आहे!
अर्धी झोप त्यात, अर्धा खोकला.
पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग चालूच होते,
त्यांना कुणी सुट्टी दिली नव्हती.

मग आईनं पिशवीतून चादर काढली.
मिलची शेवटची. पांढरी, निळ्या काठाची,
वडलांनी स्वतः घडी घालून आणलेली.
पस्तीस वर्षं ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत.
दुर्कसच्या पेटीत घालायची, असं
सगळ्या भावकीला बजावून ठेवलेलं,
तोवर घडी मोडायची नाही कुणी.

मी म्हटलं, आई?
ती म्हणाली, धर ते टोक.

झटकली. कबुतरं उठावीत तसा आवाज झाला.
वडलांच्या शेजारी, जमिनीवर अंथरली,
तळव्यानं दाबून दाबून बसवली, पण
पस्तीस वर्षांची रेघ अशी जात नाही:
एक उभी, एक आडवी.

तिच्यावर राखणदार मल्लप्पाची नात येऊन बसली,
चहात बुडवून बटर खात,
आणि सांडलं तिनं.

आई त्या डागाकडे बघत राहिली.
तोवर भिंतीवर ऊन आलं होतं.
"तुझे वडील ओरडले असते," म्हणाली.

नाही. चुकले मी सांगताना.
"ओरडतील," म्हणाली.