शेऱ्याचा रकाना

लक्ष्मी मंडईच्या मागच्या दाराशी,
कढीपत्त्याच्या जुड्या आणि उलट्या क्रेट यांच्या फटीत
मल्लव्वा बसली होती.
पुढ्यात विटलेला टॉवेल,
टॉवेलवर वारुळावरची अळंबी,
देठांना अजून बोरामणीची माती.

मी कागद काढला.
पदार्थाचं नाव?
"आमच्यात अणबे. पेठेतल्या बाया पुट्टगोडुगु म्हणतात.
तुमी काय म्हणता ते तुमी लिवा."
शास्त्रीय नाव. मी आडवी रेघ मारली.
काढल्याची तारीख?
"आजच. कोंबड्याच्या आधी."
वापरण्याची मुदत?
"दिवे लागले की ती किड्याची."

परवाना नव्हता.
ओळख पटवणारं कुणी?
तिनं एक अळंबी उलटी धरली.
"बूड बगा. बुडाला पिशवी असली, अंड्याच्या टरफलागत,
तर सोडून द्यायचं, आन् हात धुवायचा.
देठ तोडून आणणाऱ्याकडनं घेऊ नका.
त्यानं बूड लपवलेलं असतंय."

आणि ते चांदीचं नाणं, मी विचारलं,
शिजताना टाकतात,
विषारी असलं तर काळं पडतं म्हणे?
तिनं टॉवेलची सुरकुती हातानं काढली.
"माझ्या जावंनं टाकलं होतं.
नाणं पांढरंच राहिलं.
नाणं अजून हाय."

एक किलो दोनशे ग्रॅम. जप्त.
फिनाईल मीच ओतलं,
पांढऱ्यावर पांढरं.
कढीपत्त्यालासुद्धा वास लागला.
ती ओरडली नाही, टॉवेल तेवढा परत मागितला.
टॉवेलचं नियमात काही नव्हतं.
दिला.

मग म्हणाली, "सकाळी दोन वाटे गेलेत, लिवून घ्या.
एक होटगी नाक्याचा इस्माईल, पंक्चरवाला.
पोट नाजूक हाय त्याचं, अर्धाच वाटा दिला.
दुसरा भद्रावती पेठेत, नरसम्मा येमूल,
बोळात तिसरं दार, घरात पाच वर्षांचा नातू."

अकरा वर्षं मी या शहरातल्या दुकानांचे कागद तपासतोय.
'माल कुणाला विकला' या रकान्यात
सगळीकडे एकच शिक्का: लागू नाही.
तिची दोन नावं त्या चौकटीत मावेनात,
मी शेऱ्यात उतरवली, समासापर्यंत.

संध्याकाळी इस्माईल टायरमध्ये हवा भरत होता,
ठणठणीत.
भद्रावती पेठेत माग चालू होता, खटखट भिंतीतून येत होती.
नातू उंबऱ्यात बसून गाडीचं चाक फिरवत होता.
नरसम्मानं मला खुर्ची दिली, मग ताट दिलं,
भाकरी, वर काळ्या तिखटातली अळंबी.

मी ताट मांडीवर धरून विचारलं,
एक कच्ची बाजूला ठेवलीय का?
तिनं खिडकीकडे हनुवटी केली.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकच,
बुडासकट, मातीसकट.
"मल्लव्वा त्याशिवाय देतच नाही.
उद्यापर्यंत ठेवायची,
कुणाला काही झालं तर डॉक्टरला दाखवायला."

माझ्या नियमपुस्तकात हे असेलही.
मला पान आठवेना.
भाकरी गार होत होती.