डावखुरी

इतवारीत, लोहाओळीच्या मागच्या गल्लीत
ताहेरअलींचं दुकान. मे महिना, दुपारचा एक.
कूलरच्या वाळ्यात पाणी कमी, आवाज जास्त.

मी परवाना काचेवर ठेवला.
त्यांनी तो दोनदा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.
'मास्तरीण होत्या काय?'
एकतीस वर्षं. भूमिती.
'मग आधी नळीचंच बोलू.'

पहिली उतरवली ती चकमकीची.
पितळेची वेलबुट्टी, दस्त्यावर लाकडाच्या रेषा,
पोरं नदीचा नकाशा काढताना हात हलवतात, तशा.
मी खांद्याला लावली
आणि त्यांनी लगेच खाली घेतली.
'तुम्ही डावखुऱ्या, बाई. हिचा कान उजवीकडे.
रंजक उडंल ते सरळ तुमच्या डोळ्यापुढं.
अन् ओल्या हवेत ही रुसते.
पहिली बंदूक रुसणारी घेऊ नये. दुसरी घ्या म्हणा.'

दुसरीही उजव्यांचीच.
तिसरीही.
(शाळेत फळ्यावर वर्तुळ काढताना
मागून कुणीतरी हसायचंच.
प्रसादाला हा हात पुढे केला की आई मनगटावर मारायची,
हळूच, पण मारायची.)

मग ते माळ्यावर चढले.
धूळ झटकत खाली आणली
ती अगदी साधी. शिसवी दस्ता, केपाची, पन्नास बोर,
घोडा डाव्या अंगाला.
कुण्या ठेकेदारानं सांगून बनवून घेतली होती,
घ्यायला आलाच नाही.
'डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा.
माशी दिसली तर बंदूक तुमची.
शोधावी लागली तर दुसऱ्याची.'

दिसली.
समोरच्या कॅलेंडरवरच्या एकादशीवर बसलेली.

नळीच्या तोंडात करंगळी घातली,
आतले पेच बोटाला लागले.
पावणेचार हातांत एकच वेढा, ते म्हणाले,
गोल गोळीला याहून जास्त घाई सोसत नाही.
मी मनात आकृती काढून पाहिली. बरोबर होतं.

दारू मापानं. मग गादीच्या कापडाची चिंधी, चरबी लावलेली.
चिंधीवर गोळी. मग गज.
'ठासा, पण ठोकू नका.'
एकतीस वर्षं मी पोरांना ठासून सांगत आले,
अन् तो शब्द कुठून आला
हे इथं कळलं, हातात गज असताना.

'नेमासाठी का शिकारीसाठी?'
काटोलला भावाची संत्र्याची बाग.
डुकरं रात्री येतात, झाडांची मुळं उलथून जातात.
वनखात्याचं पत्र पर्समध्ये आहे, घडी घातलेलं.
मी म्हटलं, पत्र आहे.
'पत्र नाही विचारून राहिलो.'

कूलर घरघरत राहिला.

'एकच बार हाय, बाई. पन्नास पावलांच्या आत.
दुसरा भरेपर्यंत डुक्कर काटोल ओलांडून जाते.
अन् अर्धवट लागलेलं असंल,
तर त्याच्यामागं तुम्हालाच जावं लागंल. रात्री.'

पैसे मोजले. त्यांनी नळीत तेलाची चिंधी फिरवली,
बिलावर 'डावी' असं लिहिलं, रेघ ओढली.
ऑटोवाल्यानं खोळीकडे पाहून विचारलं,
मच्छरदाणीचे दांडे काय?
हो म्हटलं.

रविवारी कोराडी रोडपलीकडच्या रेंजवर
पोरंसोरं एअर रायफली घेऊन उभी होती.
माझं मापात दारू ओतणं चाललेलं पाहून
एकेक जण थांबला.
घोडा ओढला. चाप दाबला.

धूर.
वारा नव्हताच. पांढरा ढग समोर लोंबकळत राहिला,
खडूच्या डस्टरसारखा वास त्याला, वर थोडा गंधकाचा.
लागली का, कुठे लागली,
कुणालाच काही दिसेना.

तेवढ्यात भावाचा फोन.
'घेतली का गं? काल पुन्हा आली होती, सात होती.'
मी म्हटलं, थांब जरा,
अजून धूर जातो आहे.